थकलेल्या लाभांशाचं मत

पुणे,
४ ऑगस्ट १९९७

प्रिय भाग्यश्री,

अण्णा गेले तेव्हा तू आणि तुझे सासरे पंचवटीतल्या घरी भेटायला आला होतात. त्यानंतर लिहीन म्हणता म्हणता वर्ष गेलं. चिमाजीकाकांची तब्येत कशी आहे? माझ्या वडिलांचे इतके जुने स्नेही आता फार थोडे उरले आहेत.

आज मात्र एका कामासाठी लिहिते आहे. माझ्या भावाचा, तनयचा, परवा फोन आला होता. अण्णांनी काढलेली ‘त्रिधारा फूड्स’ आता नीट चालत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. शेअरबाजारात तिच्या दहा रुपयांच्या समभागाला कुणी तीन रुपये द्यायला तयार नाही. अण्णांनी कारखान्यासाठी तुमच्या जमिनी घेतल्या तेव्हा निम्मी किंमत रोख दिली होती आणि निम्म्या किमतीचे प्रेफरन्स शेअर दिले होते. त्यांवर दरवर्षी ठरावीक लाभांश मिळायचा, मत नव्हतं. आता तो लाभांशही मिळत नाही. तनय म्हणतो, ते कागद आज रद्दीच आहेत. पण अण्णांचा शब्द होता, म्हणून तो स्वतःच्या खिशातून ते छापील किमतीला परत घेणार आहे. मळेकऱ्यांचा आपल्यावर विश्वास बसणार नाही असं त्याला वाटतं, म्हणून त्यानं मला लिहायला सांगितलं.

मला यात तुमचं भलं दिसतं. काकांशी बोल आणि मला कळव. तुझ्या सासूबाईंना, नवसाबाईंना, नमस्कार सांग.

तुझी,
सुमेधा


चिंचमळा, नाशिक,
१३ ऑगस्ट १९९७

सुमेधाताई, नमस्कार.

तुमचं पत्र आबांना, म्हणजे तुमच्या चिमाजीकाकांना, दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा ऐकून म्हणाले, “जो कागद रद्दी हाय, त्याची पुरी किंमत कोण देतंय? तनयशेठ भला माणूस आसंल, पण यवढा भला?” ताई, रागावू नका. आबांना तुमच्याबद्दल शंका नाही. पण प्रश्न मलाही पटला.

दुसरं सांगायचं म्हणजे, तुमचं पत्र यायच्या आधीच एक माणूस स्कूटरवरून मळ्यामळ्यातून फिरून गेला. सही करा आणि चेक घ्या, असं त्याचं म्हणणं होतं. शेजारच्या मळ्यातल्या सुलाबाईकडे तर तो तीनदा गेला. आम्ही म्हटलं, दिवाळीनंतर बघू. तो म्हणाला, दिवाळीनंतर काही उपयोग नाही. उपयोग कुणाला नाही, हे त्यानं सांगितलं नाही. तुम्ही तनयदादांना विचाराल का, की घाई कसली?

तुम्हाला वाटत असेल, कारखाना बंद पडला तर पडला, या लोकांचं काय अडतंय. आमचं अडतं, ताई. टोमॅटोचा भाव पडला की पंचवटीच्या बाजारातून माल परत आणायलाही परवडत नाही, लोक तिथेच रस्त्याकडेला ओतून देतात. त्रिधारा आमचा माल घेते, तिचा दर कमी असतो, पण दर असतो. त्या भरवशावर आम्ही लागवड करतो. तीन वर्षं लाभांश आला नाही तरी कुणी कारखान्यावर भांडायला गेलं नाही, ते याच्यामुळे.

आबांची तब्येत बरी आहे. तुम्ही लहानपणी अण्णांबरोबर यायचात आणि विहिरीच्या पाटात पाय सोडून बसायचात, ते अजून सांगतात.

तुमची,
भाग्यश्री


पुणे,
२९ ऑगस्ट १९९७

प्रिय भाग्यश्री,

तुझा प्रश्न मी तनयला विचारला. तो चिडला. म्हणाला, “ताई, तू निरोप दे, वकिली करू नकोस.” त्यामुळे मी खरोखरच आमच्या शेजारच्या एका वकीलबाईंकडे गेले. त्या कंपन्यांचीच कामं करतात. त्यांनी जे सांगितलं ते तुला जसंच्या तसं लिहिते, कारण पहिल्या पत्रात मी तुम्हाला चुकीचं सांगितलं.

प्रेफरन्स शेअरला एरवी मत नसतं हे खरं. लाभांश आधी मिळतो, म्हणून कारभारात बोलायचं नाही, असा तो सौदा असतो. पण तुमच्यासारख्या शेअरांचा लाभांश दोन वर्षं किंवा त्याहून जास्त थकला, तर कायदा म्हणतो की सौद्यातली एक बाजू कंपनीनं मोडली. मग त्या भागधारकांना प्रत्येक ठरावावर मत मिळतं, समभागधारकांसारखंच. तुमचा तीन वर्षांचा थकला आहे. म्हणजे तुम्हाला मत आहे. आणि ते कधीपासूनच आहे.

आता घाईचं कारण. ऑक्टोबरात कंपनीची खास सभा आहे. सगळा कारखाना जमिनीसकट एका बिल्डरला विकायचा ठराव तिथे येणार आहे. पडलेल्या मतांपैकी निम्म्याहून जास्त मिळाली की तो मंजूर. समज, समभागांची सगळी मतं शंभर आहेत. तनयकडे चाळीस. अण्णांनी माझ्या नावावर ठेवलेली पंधरा. उरलेली पुण्या-मुंबईत विखुरलेली, ते लोक सभेला फिरकत नाहीत. याच मापानं मोजलं तर तुम्हा सगळ्या मळेकऱ्यांच्या शेअरांचं वजन पंचवीस भरतं. तनयनं ते विकत घेतले तर ती पंचवीसही त्याची.

तुम्ही काय करावं हे मी सांगणार नाही. छापील किंमत खरोखर मिळते आहे, हेही विसरू नकोस. एकच विनंती आहे. हे माझ्याकडून कळलं असं बाहेर बोलू नकोस. आई-वडील दोघंही गेले, माहेर म्हणून आता तो एकच आहे.

सुमेधा


चिंचमळा,
१४ सप्टेंबर १९९७

सुमेधाताई,

तुमचं नाव कुठे निघालं नाही. आबांनी ‘एका वकिलानं सांगितलं’ एवढंच सांगितलं, आणि ते खोटंही नाही.

आबा, मी आणि मळेकऱ्यांतली कुसाबाई असे तिघं रोज संध्याकाळी एकेका मळ्यावर जातो. पहिल्यांदा कुणाला खरंच वाटत नाही. पैसे बुडवले म्हणून मत मिळालं, हे ऐकून एक जण म्हणाला, मग आजून बुडवू द्या, मालकच व्हऊ आपण. बायका फार हसल्या. पण समजलं की प्रत्येकाचा प्रश्न तोच असतो. कारखाना वाचला आणि पुढे पुन्हा बुडाला, तर हातचा चेकही गेला, त्याचं काय? आबा खोटं उत्तर देत नाहीत. म्हणतात, “मला ठावं नाय. पर इकला तर काय व्हईल ते ठावं हाय.”

सुलाबाईनं विकले. मुलाच्या ऑपरेशनसाठी हवे होते, तिला कुणी बोललं नाही. तिच्यासारखी आणखी तीन घरं गेली. म्हणजे आमची पंचवीस आता पंचवीस राहिली नाहीत.

मग आबांना देवळाली कॅम्पातले हवालदार पुंजाजी आठवले. ते रिटायर झाले त्या साली कंपनी शेअरबाजारात आली होती. अण्णांनी कॅम्पात जाऊन सभा घेतली होती म्हणे, आणि बऱ्याच फौजींनी थोडे थोडे समभाग घेतले होते. आम्ही गेलो. त्यांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मालकाची बहीण कोणीकडे आहे?” आम्हाला सांगता आलं नाही.

ताई, म्हणून विचारते. तुमची पंधरा कुठे जाणार? इथे अशी बातमी आहे की तुम्ही तनयदादांच्या नावानं मुखत्यारपत्रावर सही करून दिली. सही दिली असेल तर तसं सांगा. वाईट वाटेल, पण मग लोकांना उगीच आशा तरी लावायची नाही.

भाग्यश्री


चिंचमळा,
१ ऑक्टोबर १९९७

सुमेधाताई,

तुमचं उत्तर आलं नाही. काय समजायचं ते आम्ही समजलो. तुमची अडचण मला कळते. मलाही भाऊ आहे.

तरी एक सांगते. आबा म्हणाले, तिला लिही की तिनं खरं सांगितलं तेवढं पुष्कळ झालं, बाकी तिच्यावर जोर नाय.

सभेला आबा स्वतः जाणार आहेत. शेअर त्यांच्या नावावर आहेत, त्यामुळे मला आत जाता येणार नाही. मी फाटकाबाहेर टेम्पोत बसेन.

भाग्यश्री


पुणे,
१९ ऑक्टोबर १९९७

प्रिय भाग्यश्री,

सभा संपल्यावर मी तनयच्या गाडीत बसून निघून गेले, ते तू टेम्पोतून पाहिलंस. आपली नजरानजर झाली आणि तू मान वळवलीस. बाहेर आल्यावर काकांनी तुला सांगितलं असेलच, पण मलाही ते माझ्या हातानं लिहायचं आहे.

उत्तर दिलं नाही कारण माझं ठरत नव्हतं. मुखत्यारपत्र तनयनं पाठवलं होतं. सही केली नाही आणि फाडलंही नाही. माझ्या वाट्याच्या पैशातून संपदाचं, माझ्या मुलीचं, पुढचं शिक्षण होईल असं त्यानं सांगितलं होतं आणि मी मनातल्या मनात ते पैसे खर्चूनही टाकले होते. सभेच्या सकाळी नाशिकच्या एस.टी.त बसले तेव्हाही माझं ठरलेलं नव्हतं.

कॅन्टीनमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. तुमची माणसं मागच्या रांगांत, पुंजाजी आणि त्यांचे आठ-दहा फौजी, बाकीच्या फौजींची मुखत्यारपत्रं घेऊन, भिंतीशी. ठराव वाचला गेला. तनयनं हात वर करायला सांगितलं आणि विरोधात सगळ्या मागच्या रांगा वर आल्या. तो हसला. म्हणाला, हात नव्हे, शेअर मोजू, मतपत्रिका घ्या. तो त्याचा हक्कच होता. मग कंपनीचे सेक्रेटरी उभे राहिले आणि म्हणाले, प्रेफरन्सवाल्यांना मतपत्रिका देता येणार नाही.

चिमाजीकाका उठले. “का नाय?” एवढंच म्हणाले. सेक्रेटरी काहीतरी इंग्रजीत बोलले. काकांनी पुन्हा तेच विचारलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, भाग्यश्री. त्यांना माझं नाव सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर ठरवण्यातून माझी सुटका झाली असती. पण त्यांनी शब्द पाळला आणि एकटेच उभे राहिले.

तेव्हा मी उठले. म्हटलं, मी ढुंढिराजांची, तुमच्या अण्णांची, मुलगी, पंधरा टक्क्यांची भागधारक. तीन वर्षं लाभांश थकला आहे. सेक्रेटरींनी कायद्यातलं ते कलम मोठ्यानं वाचावं आणि मराठीत अर्थ सांगावा. त्यांनी तनयकडे पाहिलं. तनय माझ्याकडे पाहत होता. मग त्यांनी वाचलं आणि मागच्या रांगांतही मतपत्रिका वाटल्या.

मी विरोधात मत दिलं. ठराव थोडक्यात पडला. पुंजाजींच्या माणसांची मतं नसती तर मंजूर झाला असता.

गंगापूर रोडला तनयनं गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला. मग सांगितलं. कारखान्याच्या कर्जाला त्यानं स्वतःची हमी दिली आहे. पंचवटीचं घर बँकेकडे आहे. बायकोलाही माहीत नाही. मला आजवर वाटत होतं की तो पैशाच्या लोभानं विकतो आहे. तो घाबरून विकत होता.

माझ्या मनात एक विचार आहे. रस्त्याकडचा मोकळा तुकडा कारखान्याला लागत नाही. तेवढाच विकला तर कर्जाचा मोठा भाग फिटेल, घर सुटेल आणि यंत्रं चालू राहतील. पण तो तुकडा कुणाचा होता, हे मला आठवतं. म्हणून आधी तुम्हाला विचारते.

सुमेधा


चिंचमळा,
५ नोव्हेंबर १९९७

सुमेधाताई,

मान वळवली, ते माझं चुकलं. आबा बाहेर आले आणि टेम्पोत बसून म्हणाले, “अण्णाची पोर उठली.” मला आधी कळलंच नाही. गिरणीपर्यंत आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं.

तो तुकडा आबांचाच होता. तिथे आधी द्राक्ष होती, मग विहीर आटली. तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं आणि थांबले. सासूबाई म्हणाल्या, “आता तेबी बिल्डरला?” आबांनी कातरलेली सुपारी तोंडात टाकली. मग म्हणाले, “ती जमीन आता माझी नाय, कंपनीची हाय. आन कंपनीत मी हाय. इका म्हनाव.”

ताई, मी पण एक गोष्ट लिहिली नव्हती. आमच्या घरातच भांडण होतं. माझ्या नवऱ्याला, जीवनला, चेक घ्यायचा होता. ठिबक सिंचन बसवायचं त्याच्या मनात होतं आणि त्याचं चूक नव्हतं. आबा नाही म्हणाले, तेव्हापासून बापलेक महिनाभर बोलत नव्हते. मी मळ्यामळ्यावर जाऊन लोकांना समजावत होते आणि घरी माझ्या ताटासमोर दोघं पाठ करून जेवत होते. तुम्हाला लिहिलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, हिचंच घर हिच्याबरोबर नाही.

सभेच्या दिवशी टेम्पो जीवननंच चालवला. अजून फारसं बोलत नाहीत, पण काल दोघं मिळून रोपं आणायला गेले.

भाग्यश्री


पुणे,
६ फेब्रुवारी २०००

प्रिय भाग्यश्री,

संचालक मंडळावर आल्यापासून माझी पत्रं म्हणजे नोटिसा झाल्या आहेत, असं तू म्हणालीस. खरं आहे. ही मात्र नोटीस नाही, जरी विषय तोच असला तरी.

बातमी चांगली आहे. तुकडा विकून बँकेचं ओझं उतरलं, पंचवटीचं घर सुटलं, हे तुला माहीत आहे. या वर्षी कंपनीला नफा आहे. तुमचा थकलेला सगळा लाभांश आम्ही देऊ शकतो.

आणि इथेच अडचण आहे. थकबाकी दिली की तुमचं मत संपतं. कायद्याचा हिशोब सरळ आहे. पैसे थकले म्हणून बोलायचा हक्क मिळाला, पैसे मिळाले की पुन्हा गप्प. पुढच्या वर्षी तर त्या शेअरांची मुदत संपेल, मूळ रक्कम परत मिळेल आणि तुमचा कंपनीशी संबंधच उरणार नाही.

दुसरा मार्ग असा आहे. थकबाकी घ्यायची, पण मूळ रक्कम घ्यायची नाही. त्या शेअरांचे समभाग करून घ्यायचे. मग मत कायमचं. पण ठरावीक लाभांश गेला. नफा झाला तर मिळेल, नाही तर नाही. आणि कंपनी बुडाली तर सगळ्यांत शेवटी आपला नंबर. हे गोड करून सांगणार नाही. याला तुमच्यातल्या तीनचतुर्थांश लोकांची संमती लागेल, आणि मग कंपनीच्या सभेतही तितकीच मतं. म्हणजे तनयनं नाही म्हटलं तर विषय संपला. तुम्ही आलात तर त्याचा वाटाही कमी होणार.

मी गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेले होते. दोन वर्षांत आम्ही कामाशिवाय बोललो नव्हतो. वहिनी आत गेल्यावर त्यानं आपणहून विचारलं, “त्या दिवशी तू उठलीस, ते माझ्याविरुद्ध होतं का?” मी म्हटलं, “त्या दिवशी मला वाटलं होतं की हो. गाडीत बसल्यावर वाटलं की नाही.” तो म्हणाला, “सगळं माझ्या एकट्याच्या नावावर होतं, तेव्हा मला झोप नव्हती, ताई. येऊ देत त्यांना.”

आता तुमच्यावर आहे. पैसे परत घ्यावेत असं कुणाला वाटलं, तर त्यांच्यासाठी वेगळी सोय मी मांडून घेतली आहे. कुणावर जोर नको.

सुमेधा


चिंचमळा,
२ मार्च २०००

सुमेधाताई,

रविवारी सगळे आमच्या खळ्यावर जमले. तुमचं पत्र मी वाचलं, जोखमीचा भाग दोनदा. तुम्ही गोड केलं नाहीत, मीही केलं नाही.

कुसाबाई, जी माझ्याबरोबर तेव्हा दारोदार फिरली, तीच पहिली म्हणाली की मला पैसे हवेत. “माझं वय झालं. मत घिऊन काय करू?” तिच्या बाजूनं आणखी काही म्हातारी माणसं गेली. मला वाटलं, आता सगळे तिकडेच जाणार.

मग जीवन उठला. त्याला मी कधी चारचौघांत बोलताना पाहिलं नव्हतं. म्हणाला, “तवा मला पैसं पायजे व्हते. आबानं घिऊ दिलं नाय, लय राग आला व्हता. आज इचार करतो तर ठिबक मी घेतलंच, दोन सालांनी. पण कारखाना गेला आसता तर त्या ठिबकवर पिकवून टाकलं कुठं आसतं?” आणि खाली बसला. आबा दुसरीकडे बघत होते.

कुसाबाई आणि तिच्या बाजूची पाच घरं पैसे घेणार. बाकी सगळे समभाग. तीनचतुर्थांशच्या पुष्कळ वर आहोत. घरी आल्यावर आबा मला म्हणाले, आपल्या समभागांतले निम्मे तुझ्या नावावर कर. मी म्हटलं, जीवनच्या नावावर करा. ते म्हणाले, “त्यानंच सांगितलं.”

भाग्यश्री


चिंचमळा,
२४ सप्टेंबर २०००

सुमेधाताई,

तुम्ही संपदाला सोडायला परदेशी गेलात आणि आम्ही समभागधारक झाल्यावरच्या पहिल्याच वार्षिक सभेला नेमक्या नव्हतात. म्हणून तुम्हाला लिहिते. विमानानं पत्र किती दिवसांत जातं ते पोस्टात कुणालाच नीट सांगता आलं नाही.

या वेळी मी आत होते. फाटकावर एकानं नाव विचारलं, मी माझं सांगितलं.

पुंजाजी पहिल्या रांगेत कडक इस्त्री करून बसले होते. तनयदादांनी ताळेबंद वाचला आणि सांगितलं की या वर्षीचा नफा लाभांशात वाटता येईल किंवा रस काढायचं नवं यंत्र घेता येईल. संचालकांचं मत यंत्राकडे आहे, पण भागधारकांनी बोलावं. मग मी उठले. मी विचारलं, यंत्र किती माल घेईल? त्यांनी आकडा सांगितला. मी म्हटलं, एवढा माल डिसेंबरात एकदम येतो आणि फेब्रुवारीत काहीच नसतो. यंत्र दोन महिने चालेल आणि बाकी वर्ष उभं राहील. लागवड आधी ठरवली तर पुढेमागे लावता येईल.

ते लिहून घेत होते. मला वाटलं मी जास्त बोलले. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “पुढेमागे लावायला सगळे तयार होतील?” मी म्हटलं, सगळ्यांना विचारावं लागेल. ते म्हणाले, “मग विचारून सांगा. तोवर यंत्राची ऑर्डर देत नाही.”

ताई, इतक्या वर्षांत कंपनीनं आमचा माल घेतला, कधी चांगल्या भावानं, कधी पाडून. पण आधी विचारलं, असं हे पहिल्यांदा झालं.

लाभांश या वर्षी नको, असंच सगळ्यांनी ठरवलं. तुम्हाला हसू येईल. एवढं ज्याच्यासाठी झालं, तोच आम्ही आमच्या हातानं सोडला.

आज सकाळपासून आबा आणि जीवन बांधावर बसून कोणत्या मळ्यानं कधी लावायचं ते ठरवत आहेत. आवाज चढले आहेत, पण ते लागवडीवरून आहेत. मला आता खालच्या आळीला जायचं आहे. सहा मळे उरलेत विचारायचे.

भाग्यश्री